एसएसएन अजून आलेला नाही, तर माणसाला कामावर घेता येतं का? (आय-९, आयटीआयएन, ई-व्हेरिफाय)

पुरणयंत्र
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत एडिसनजवळ आमचं पोळीभाजी आणि फराळाचं छोटं किचन आहे. इतके दिवस मी, नवरा आणि दोन जुन्या मदतनीस एवढ्यावर भागत होतं. आता ऑर्डरी वाढल्यात म्हणून तिघींना पगारावर घ्यायचं ठरवलंय. पण कागदपत्रांशी घोडं अडलंय.

पहिली एच-४ वर (एच-१बी नोकरी-व्हिसावाल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) आहे. ईएडी कार्ड (कामाच्या परवानगीचं कार्ड) हातात आलंय, पण सोशल सिक्युरिटी नंबर (एसएसएन) अजून नाही. दुसरीकडे सोशल सिक्युरिटी कार्ड आहे, पण त्यावर नावाच्या वर एक ओळ छापलेली आहे की डीएचएसची (गृह सुरक्षा खात्याची) परवानगी असेल तरच हे कार्ड कामासाठी चालेल. तिसरी म्हणते, माझ्याकडे आयटीआयएन (कर भरण्यापुरता नंबर) आहे, त्यावर पगार काढा.

पेरोलवाला सांगतो की एसएसएन टाकल्याशिवाय सिस्टिममध्ये नाव चढतच नाही. मैत्रीण म्हणते, नंबर येईपर्यंत कोणालाच घेऊ नकोस. मला कायदा मोडायचा नाही, आणि कामाची परवानगी असलेल्या बाईला विनाकारण घरी बसवायचंही नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी नीट सांगा.

लिंबलोण
एवढा विचार कशाला करता? दोन-तीन महिने रोखीने द्या. नंबर आला की पेरोलवर घ्या. छोट्या किचनला कोण विचारायला येतंय.

हिशोबवही
लिंबलोण, कृपा करून असे सल्ले इथे देऊ नका. लोक वाचून तसंच करतात आणि मग एप्रिलमध्ये आमच्याकडे येतात. मी न्यू जर्सीत छोट्या धंद्यांचे कर आणि पेरोल बघतो. रोखीने दिलेला पगार हाही पगारच असतो. त्यावर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून मालकाचे ७.६५ टक्के आणि कामगाराचे ७.६५ टक्के लागतात. ते न भरल्याने मालक तर अडकतोच, पण त्या बाईचं जास्त नुकसान होतं. उद्या तिने ग्रीन कार्डाचा अर्ज केला तर आधीच्या नोकऱ्यांची माहिती द्यावी लागते. तेव्हा ज्या महिन्यांत ती परवानगीनिशी कामाला होती, त्या महिन्यांचा तिच्याकडे एक कागद नसेल.

पुरणयंत्र, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. बहुतेकांचा घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या माणसाला अमेरिकेत काम करायची परवानगी आहे का, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर फॉर्म आय-९ वर मिळतं. हा फॉर्म १९८६ च्या इमिग्रेशन सुधारणा कायद्यातून आला आणि ६ नोव्हेंबर १९८६ नंतर कामावर घेतलेल्या प्रत्येकाला लागू आहे. प्रत्येकाला म्हणजे अमेरिकी नागरिकालासुद्धा. पगाराची नोंद कोणत्या नंबराखाली करायची, हा दुसरा प्रश्न. तो आयआरएस (कर खातं) आणि सोशल सिक्युरिटी प्रशासनाचा, आणि तिथे एसएसएन लागतो. पहिल्या प्रश्नासाठी एसएसएन असायलाच हवा असा नियम नाही. आय-९ च्या पहिल्या भागात एसएसएनचा रकाना आहे, पण तुम्ही ई-व्हेरिफाय (कामाची परवानगी ऑनलाइन पडताळायची सरकारी सोय) वापरत नसाल तर तो भरणं कामगाराच्या मर्जीवर आहे.

तुमच्या पहिल्या बाईचं उत्तर सोपं आहे. ईएडी कार्ड आय-९ च्या 'यादी अ' मध्ये येतं, म्हणजे ओळख आणि कामाची परवानगी दोन्ही एकाच कार्डात सिद्ध होतात. ती उद्यापासून काम करू शकते. तिने फॉर्म एसएस-५ भरून सोशल सिक्युरिटी ऑफिसात अर्ज करावा, त्याला फी नाही. नंबर येईपर्यंत पगार चालू ठेवा, कर कापा, भरा. वर्षअखेरपर्यंत नंबर आला नाही तर कागदी डब्ल्यू-२ (वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा फॉर्म) वर नंबराच्या जागी 'अर्ज केला आहे' या अर्थाचे ठरलेले इंग्रजी शब्द लिहायचे. ऑनलाइन भरत असाल तर त्या जागी सगळी शून्यं टाकायची. नंबर आला की डब्ल्यू-२सी भरून दुरुस्ती करायची. तुमच्या पेरोलवाल्याला हे सांगा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये 'अर्ज केला आहे' अशी सोय असते, ती शोधावी लागते.

कागदकाम
हिशोबवही यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी एचआरमध्ये आहे, आय-९ माझ्या रोजच्या कामातला. थोडी भर घालते.

पहिला भाग कामगाराने स्वतः भरून सही करायचा, आणि तोही कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत. दुसरा भाग मालकाचा. मूळ कागद बघून तो कामाच्या पहिल्या दिवसानंतर तीन कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करायचा. सोमवारी रुजू झाली तर गुरुवारपर्यंत. नोकरी देऊ केली आणि तिने ती स्वीकारली, त्यानंतरच हा फॉर्म काढायचा. मुलाखतीत ईएडी दाखवा, पासपोर्ट आणा असं म्हणायचं नाही. मुलाखतीत एवढंच विचारता येतं की तुम्हाला इथे काम करायची कायदेशीर परवानगी आहे का, आणि आता किंवा पुढे स्पॉन्सरशिप लागेल का. प्रश्न सगळ्यांना सारखाच.

पुरणयंत्र, पहिल्या बाईने पहिल्या भागात चौथ्या चौकटीवर खूण करायची. अमुक तारखेपर्यंत कामाची परवानगी असलेल्यांसाठी ती चौकट आहे. ईएडीवरची शेवटची तारीख आणि कार्डावरचा यूएससीआयएस (इमिग्रेशन खात्याचा) नंबर लिहायचा. एसएसएनचा रकाना रिकामा सोडायचा. दुसऱ्या भागात तुम्ही 'यादी अ'खाली कार्डाचं नाव, ते देणाऱ्या खात्याचं नाव, कार्ड नंबर (तीन अक्षरं आणि दहा आकडे असतो तो) आणि मुदत लिहायची. कार्ड हातात घेऊन बघा. फोटो तिचाच आहे का, नाव जुळतंय का, मुदत संपलेली नाही ना. कागद प्रथमदर्शनी खरा वाटला आणि त्या व्यक्तीचाच वाटला, की मालकाची जबाबदारी पूर्ण होते. तुमच्याकडून कोणी गुप्तहेरगिरीची अपेक्षा ठेवत नाही. फोटोकॉपी किंवा व्हॉट्सॲपवर आलेला फोटो मात्र चालत नाही. मूळ कागदच हवा.

आता दुसरी बाई. तिच्या कार्डावर डीएचएसची परवानगी असेल तरच, अशी ओळ आहे. असं कार्ड आय-९ च्या 'यादी क' साठी (फक्त कामाची परवानगी दाखवणारे कागद) चालत नाही. बिनशर्त कार्डच चालतं. पण म्हणून तिला काम करता येत नाही असा अर्थ काढू नका! तात्पुरती परवानगी असलेल्या जवळजवळ सगळ्यांच्या कार्डावर ही ओळ असते. माझ्याही होती. तिला एवढंच सांगा की हे कार्ड या फॉर्मला चालत नाही, यादीतलं दुसरं काहीही दाखव. बहुधा तिच्याकडे ईएडी असेल. पण ईएडीच आण, असं तुम्ही म्हणायचं नाही. फॉर्मसोबत स्वीकारता येण्यासारख्या कागदांची यादी येते, ते पान तिच्या हातात द्या आणि निवड तिला करू द्या. पेरोलसाठी मात्र तिचा नंबर चालेल, नंबर खराच आहे.

पुरणयंत्र
खूप खूप आभार दोघांचेही! पहिल्या दोघींचं कळलं. एक विचारते, 'ईएडीच आण' म्हटलं तर बिघडलं काय? मला तेवढंच एक कार्ड ओळखता येतं.

कागदकाम
बिघडतं. कोणता कागद दाखवायचा हा हक्क कायद्याने कामगाराला दिलाय. कोणाच्या नावावरून, उच्चारावरून किंवा व्हिसावरून विशिष्ट कागद मागणं, जास्तीचे कागद मागणं किंवा खरा वाटणारा कागद नाकारणं हा भेदभाव धरला जातो. त्याची तक्रार न्याय खात्याच्या इमिग्रंट अँड एम्प्लॉयी राइट्स विभागाकडे जाते. चार किंवा जास्त कामगार असलेल्या मालकांना हे कलम लागू होतं. तुमच्या दोघी जुन्या आणि तिघी नव्या धरल्या तर पाच होतात, म्हणजे तुम्ही त्यात आलात. आणि ईएडीची मुदत चार महिन्यांनी संपतेय म्हणून तुला घेत नाही, असंही म्हणता येत नाही.

मुक्कामपोस्टडॅलस
या विषयावर मला मनापासून लिहायचंय. मास्टर्स संपवून मी ओपीटीवर (शिक्षणानंतर विद्यार्थ्याला मिळणारी तात्पुरती कामाची परवानगी) होतो. ईएडी आलं होतं, नंबर यायचा होता. एका मोठ्या स्टोअरने ऑफर दिली. मॅनेजर म्हणाला, एसएसएन आणलास की मग रुजू हो. मी ईएडी दाखवलं, तर म्हणे आमची पॉलिसी आहे. नंबर यायला वेळ लागला, तोवर त्यांनी दुसऱ्याला घेतलं. ओपीटीत ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहिलं तर स्टेटसच धोक्यात येतं. त्यातला प्रत्येक दिवस मोजत बसलो होतो. आपल्याच लोकांचे धंदे असं करताना दिसतात तेव्हा जास्त वाईट वाटतं, कारण ते स्वतः याच वाटेने आलेले असतात. पुरणयंत्र, तुम्ही विचारायचे कष्ट घेतलेत याचं खूप बरं वाटलं.

कागदकाम
मुक्कामपोस्टडॅलस, वाचून वाईट वाटलं. हे फार सर्रास होतं. नंबर येईपर्यंत रुजू करून घ्यायचं नाही, अशी पॉलिसी नव्याने आलेल्या, कायदेशीर परवानगी असलेल्या माणसांनाच नेमकी बाहेर ठेवते, त्यामुळे ती भेदभावात मोडू शकते. तुमच्यासारख्यांनी मॅनेजरशी वाद घालत बसण्यापेक्षा त्या विभागाच्या हॉटलाइनला फोन करावा. त्यांचे लोक मालकाला थेट फोन करून नियम समजावतात, आणि पुष्कळदा तेवढ्यावर काम होतं. नाव न सांगताही विचारता येतं.

पीचट्री
आम्ही अटलांटाजवळ असतो, दोन सब शॉप आहेत. जॉर्जियात दहापेक्षा जास्त कामगार असले की खासगी मालकालाही ई-व्हेरिफाय सक्तीचं आहे. तिथे तर एसएसएन लागतोच ना? मग नंबर नसलेल्याला घ्यायचं कसं?

कागदकाम
ई-व्हेरिफायमध्ये केस उघडायला एसएसएन लागतो हे बरोबर. पण नंबर यायचा असेल तर केस उशिरा उघडायची मुभा आहे. आय-९ वेळेत पूर्ण करायचा, फॉर्मसोबत उशिराच्या कारणाची नोंद ठेवायची, आणि नंबर आल्यावर केस उघडताना उशिराचं कारण म्हणून 'एसएसएनची वाट पाहत होतो' हा पर्याय निवडायचा. मधल्या काळात माणूस कामावर येऊ शकतो, पगार घेऊ शकतो.

आणि ई-व्हेरिफायने 'जुळत नाही' असं दाखवलं म्हणून लगेच काढून टाकू नका. लग्नानंतर बदललेलं आडनाव, मधलं नाव म्हणून लागलेलं वडिलांचं नाव, पासपोर्टवर सगळं एकाच रकान्यात आलेलं असणं, असल्या कारणांनी आपल्या लोकांची नावं बऱ्याचदा जुळत नाहीत. कामगाराला एकांतात सांगायचं. त्याने दाद मागायचं ठरवलं तर सोशल सिक्युरिटी किंवा डीएचएसशी संपर्क करायला त्याला सरकारी कामकाजाचे आठ दिवस मिळतात. निकाल लागेपर्यंत त्याला घरी बसवता येत नाही, तास कमी करता येत नाहीत.

न्यू जर्सीत खासगी मालकांना ही सक्ती नाही. फ्लोरिडात १ जुलै २०२३ पासून २५ किंवा जास्त कामगार असलेल्यांना आहे. ॲरिझोनात २००८ पासून आहे. स्टेम ओपीटीवाल्याला (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीवर ओपीटी वाढवून मिळालेल्याला) घ्यायचं असेल तर मात्र राज्य कोणतंही असो, मालक ई-व्हेरिफायमध्ये असावाच लागतो.

पुरणयंत्र
तिसरीचं राहिलंय. ती आग्रहाने म्हणते की आयटीआयएनवर खूप जण पगार घेतात. आणि नवऱ्याला कोणीतरी सुचवलंय की तिला कर्मचारी न दाखवता १०९९ (कंत्राटदाराला दिलेल्या पैशांचा कर-फॉर्म) द्या, म्हणजे आय-९ लागत नाही.

हिशोबवही
आयटीआयएन हा फक्त कर भरण्यासाठी आयआरएसने दिलेला नंबर आहे. तो नेहमी ९ ने सुरू होतो, एसएसएन कधीच ९ ने सुरू होत नाही. त्याने कामाची परवानगी मिळत नाही आणि डब्ल्यू-२ वर एसएसएनच्या जागी तो टाकता येत नाही. पेरोलमध्ये चढवलात तरी सोशल सिक्युरिटीकडे जुळणार नाही.

१०९९ बद्दल. स्वतंत्र कंत्राटदाराचा आय-९ लागत नाही हे खरं. पण कंत्राटदार कोण हे तुम्ही ठरवून होत नाही. ती तुमच्या किचनमध्ये येणार, तुम्ही सांगाल त्या वेळी, तुमच्या तव्यावर, तुमच्या कणकेच्या पोळ्या लाटणार, तासावर पैसे घेणार. ही सरळसरळ नोकरी आहे. न्यू जर्सीची कसोटी तर आणखी कडक आहे. ती बाई कंत्राटदार आहे हे मालकालाच सिद्ध करावं लागतं. आणि परवानगी नाही हे माहीत असताना कंत्राटाच्या नावाखाली काम करून घेणं हाही गुन्हाच आहे. त्या वाटेला जाऊ नका.

चाफेकळी
थांबा, त्या तिसऱ्या बाईबद्दल घाईने काही ठरवू नका! आयटीआयएन आहे म्हणजे परवानगी नाही, असंही नसतं. मी स्वतः उदाहरण आहे. एच-४ वर आले तेव्हा एसएसएन मिळत नव्हता. नवऱ्याबरोबर एकत्र रिटर्न भरायचं म्हणून डब्ल्यू-७ भरून आयटीआयएन काढला. आपल्यातल्या कितीतरी जणींकडे असतो. एच-४ वाल्यांना ईएडी २०१५ पासून मिळायला लागलं, तेही नवऱ्याचा किंवा बायकोचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी मालकाने भरलेला अर्ज) मंजूर झालेला असला, किंवा एच-१बी सहा वर्षांपलीकडे वाढलेला असला तरच. ईएडी आलं की एसएसएन काढायचा, तो आला की आयटीआयएन वापरणं बंद करायचं आणि आयआरएसला पत्राने कळवायचं, म्हणजे ते दोन्ही नोंदी एकत्र करतात. कदाचित त्या बाईला फक्त पुढची पायरी माहीत नसेल. तिला चोर ठरवू नका.

कागदकाम
चाफेकळी, फार महत्त्वाचं लिहिलंत. आयटीआयएनवरून परवानगी असल्याचंही सिद्ध होत नाही आणि नसल्याचंही. पुरणयंत्र, तुम्ही तिच्याशी आयटीआयएनबद्दल वादच घालू नका. इतरांना दिली तीच यादी तिला द्या. यादीतले कागद तिने दाखवले तर घ्या, एसएसएनला अर्ज करायला सांगा. तीन दिवसांत काहीच दाखवता आलं नाही तर कामावर ठेवता येणार नाही, हे स्पष्ट आणि आदराने सांगा. 'अर्ज केलाय' अशी पावती चालते का, हे पुढे विचाराल म्हणून आत्ताच सांगते. कार्ड हरवलं, चोरीला गेलं किंवा खराब झालं म्हणून नवीन मागवल्याची पावती ९० दिवस चालते. पहिल्यांदाच ईएडी मागितल्याची पावती चालत नाही.

चाफेकळी
नूतनीकरणाचंही सांगा ना. माझ्या मैत्रिणीची नोकरी याच गोंधळात थांबलीय.

कागदकाम
हो, तो बदल सगळ्यांनी नीट लक्षात घ्या. आधी मुदतीत नूतनीकरणाचा अर्ज केला की बऱ्याच प्रकारांत ईएडी आपोआप ५४० दिवसांपर्यंत वाढत असे. एच-४ ला ही वाढ आय-९४ च्या (देशात राहण्याच्या मुदतीची नोंद) तारखेपर्यंतच मिळे. ३० ऑक्टोबर २०२५ ला किंवा त्यानंतर केलेल्या अर्जांसाठी ही आपोआप वाढ काढून टाकली आहे. जुनं कार्ड संपलं आणि नवं आलं नाही, तर त्या तारखेपासून काम थांबवावं लागतं, विनापगारसुद्धा करता येत नाही. मुदत संपायच्या १८० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. मालकांनी आपल्या माणसांच्या तारखा कॅलेंडरमध्ये टाकून सहा महिने आधी आठवण करून द्यावी. नवं कार्ड आलं की आय-९ च्या 'सप्लिमेंट बी' वर पुन्हा तपासणीची नोंद करायची. ही तपासणी नागरिकांची आणि ग्रीन कार्डवाल्यांची करायची नसते, हेही लक्षात ठेवा.

पुरणयंत्र
फॉर्म कुठे पाठवायचा असतो का? आणि एखादा रकाना चुकला तर?

हिशोबवही
कुठेही पाठवायचा नाही, आपल्याकडेच फायलीत ठेवायचा. कामावर घेतल्यापासून तीन वर्षं किंवा काम सोडल्यापासून एक वर्ष, यातली जी तारीख नंतरची येईल तोपर्यंत. कामगार कामावर आहे तोवर तर ठेवायचाच. इतर पर्सनल फायलींत मिसळू नका, वेगळी फाईल करा. तपासणीची नोटीस आली तर फॉर्म सादर करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. चूक सापडली तर पांढरी शाई लावायची नाही. एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचं, आद्याक्षरं आणि आजची तारीख टाकायची. मागची तारीख घालून नवा फॉर्म कधीही करू नका. कागदातल्या चुकांचा दंड २०२५ च्या दरांप्रमाणे दर फॉर्ममागे २८८ ते २८६१ डॉलर आहे. परवानगी नाही हे माहीत असून कामावर घेतल्याचा वेगळा, आणि तो जास्त.

तुमच्या दोन जुन्या मदतनिसांचे आय-९ आहेत का, तेही याच आठवड्यात बघून घ्या. नसतील तर आजची तारीख घालून भरा आणि उशिराचं कारण लिहून जोडा.

वांगीभात
याच विषयाला धरून विचारतो. आमचं किराणा दुकान आहे. आईबाबा सहा महिन्यांसाठी व्हिजिटर व्हिसावर आलेत. घरी कंटाळतात म्हणून दुकानात येतात, गर्दी झाली की बाबा काउंटर सांभाळतात. पगार अर्थातच घेत नाहीत. त्यांचा आय-९ वगैरे काही लागतो का?

कागदकाम
वांगीभात, आय-९ चा प्रश्नच येत नाही, कारण त्यांना कामाची परवानगीच नाही. पगार नाही म्हणून ते काम धरलं जात नाही, असं समजू नका. कामाच्या बदल्यात दिलेलं जेवण आणि राहायची जागासुद्धा मोबदल्यात मोजली जाऊ शकते. शिवाय ज्या जागी एरवी पगारी माणूस लागला असता तिथे ते उभे आहेत. घरचा धंदा म्हणून सूटही नाही. पुढच्या वेळी विमानतळावर 'इतके महिने काय केलंत' असं विचारलं आणि बाबांनी कौतुकाने 'मुलाचं दुकान सांभाळलं' असं सांगितलं, तर व्हिसा तिथेच रद्द होऊ शकतो. असं होऊन आजीआजोबांना तिथूनच परत जावं लागल्याचं मी बघितलंय. दुकानात येऊन बसू दे, गप्पा मारू दे. काउंटरच्या मागे, गल्ल्यावर, माल लावायला नको.

वांगीभात
हे माहीतच नव्हतं. आजच बाबांशी बोलतो. गर्दीच्या वेळेसाठी शनिवार-रविवारी कोणीतरी ठेवावं लागेल. एडिसन-इसेलिन भागात कामाची परवानगी असलेलं कोणी असेल तर विचारपूस करा, एसएसएन यायचा असला तरी चालेल.